आबांची होडी आणि माझ्या हातचा नारळ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते आमच्या धरणावरच्या होडीवाल्या आबांचे. आई-वडिलांचेही आहेतच, पण ते त्यांनी वेळोवेळी सांगून माझ्याकडून पाठ करून घेतलेले आहेत. आबांनी त्यांचे कधीच सांगितले नाहीत.

आबा माझ्या नात्यातले नव्हेत. भोर तालुक्यातली आमची वाडी धरणाच्या पाण्याच्या एका काठाला, आणि हायस्कूल, एसटीचा थांबा, किराणा दुकान असं बाकीचं सगळं जग दुसऱ्या काठाला. मध्ये आबांची होडी. जाड लाकडाची, डांबर फासलेली, नाकावर लोखंडी पत्रा ठोकलेली. पावसाळा संपून धरण भरलं की पहिल्या फेरीला आबा होडीच्या नाकावर नारळ फोडत. फोडून फोडून एकदा लाकूडच चिरलं, तेव्हापासून तो पत्रा.

होडीत नियम एकच होता. मधोमध उकिडवं बसायचं आणि काठ लागेपर्यंत हलायचं नाही. आबा म्हणत, "होडीत सरपंच आन शेरडू सारखंच. दोगांनीबी गप बसायचं."

मला हायस्कूलला घालायला वडील एका अटीवर तयार झाले होते. "शाळेची, मास्तरची, होडीची, कुठलीबी एक तक्रार माज्या कानावर आली, की दप्तर खुंटीला आन म्हशी तुज्या." आमच्या म्हशी चार होत्या आणि चौघींचाही माझ्यावर डोळा होता.

आठवीत असतानाची गोष्ट. फेरी मारताना आबा मधूनच सांगत, की आपण आत्ता जुन्या गावाच्या डोक्यावरून चाललोय. धरण झालं तेव्हा गाव खाली गेलं. खाली वेस हाय, ओटं हायत, देऊळ हाय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस वर यायचा, तेवढं मी पाहिलेलं होतं. पण मला ओटे बघायचे होते. पाण्याखाली बसायला ओटा असतो, ही कल्पनाच मला सोडत नव्हती.

त्या दिवशी शाळेतून परत येताना होडीत आम्ही पाच जण होतो. आमच्या वाडीतली मुलगी बघायला निघालेले दोन पावणे, पांढरेशुभ्र, फेटे बांधून. वरच्या धनगरवाड्यातली एक आजी आणि बाजारात न खपलेलं तिचं शेरडू. आणि मी. वाडीचा काठ जवळ आला होता आणि आबा मान वळवून काठाचा अंदाज घेत होते. मी हळूच कडेला सरकलो, ओणवा झालो आणि डोळे उघडे ठेवून तोंड पाण्यात घातलं. हिरवा अंधार दिसला, दुसरं काही नाही. मी काय बघतोय ते बघायला शेरडूही त्याच कडेला आलं.

पुढचं फार पटकन झालं. पाणी छातीइतकंच होतं, म्हणून कुणाला काही झालं नाही. सगळ्यात आधी शेरडू काठाला लागलं, मग त्याच्या दाव्याला धरून आजी. पावणे पाण्यात उभेच राहिले आणि त्यांचे फेटे शांतपणे जुन्या गावावरून तरंगत निघाले. मला आबांनी कॉलर धरून उचललं. मला कडेला ओणवं झालेलं त्यांनी बघितलं होतं. माझी कॉलर त्यांना न शोधता सापडली ती त्यामुळंच.

काठावर वाडी जमली. त्यात वडीलही होते. त्यांनी पावण्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि विचारलं, "कसं काय झालं हे?"

आबांनी माझी कॉलर सोडली. "माजाच हात चुकला," ते म्हणाले. "वल्हं निसटलं."

गावाला ते लगेच पटलं. लग्नही जमलं, मुलीनं कोरडी धोतरं आणून दिली, ती पावण्यांना पोह्यांपेक्षा जास्त आवडली. मी घरी गेलो, कपडे बदलले आणि दुसऱ्या दिवशी त्याच होडीतून शाळेला गेलो. आबांनी फक्त बसायला जागा दाखवली, बरोबर मधोमध.

पण एसटीच्या थांब्यावरच्या दुकानात आबांचं नाव झालं ते झालंच. पावणे धुऊन आणणारे आबा.

"आबा, नुसती धुलाई का इस्त्रीबी?"

"इस्त्रीला तू बस की म्होरल्या फेरीला," आबा म्हणत आणि चहा ओढत.

मी तिथंच उभा असायचो, दप्तर पाठीला लावून, लिमलेटची गोळी चघळत.

दोन वर्षांनी गावात लाँच आली. मशिनची, छपराची, भोंगा वाजवणारी. ती कुणी चालवायची यावर देवळात बैठक बसली. त्या पाण्यातला आबांइतका जाणता माणूस दुसरा नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी एक जण म्हणाला, "मशिनवर हात न चुकणारा मानूस पायजे," आणि सगळे हसले. आबाही हसले. लाँच दुसऱ्याकडं गेली. मी दहावीत होतो, परीक्षेचा फॉर्म भरलेला होता आणि बैठकीत खांबाला टेकून बसलो होतो. तोंड उघडलं असतं तर सगळं फिरलं असतं. मी उघडलं नाही. लाँचची वेळ शाळेशी जुळत नव्हती, म्हणून आबा मला पुढंही वल्ह्यानंच नेत राहिले. बारावीपर्यंत.

मग मी बी.एस्सी. झालो, वाडीतला पहिला. पेढे घेऊन आबांच्या पाया पडायला गेलो तेव्हा मनाशी वाक्य जुळवून नेलं होतं. "आबा, त्या दिवशी होडी..." एवढं बोललो, तर आबांनी माझ्याच तोंडात पेढा घातला.

आबांना वाचता येत नाही आणि आता ऐकायलाही कमी येतं. मोबाईल ते कानाला उलटा लावतात. म्हणून मी त्यांना पत्र लिहितो. पत्र दुकानात येतं, तिथं जो कुणी शिकलेला बसलेला असेल तो ते वाचून दाखवतो. आबांना ऐकू जावं म्हणून ओरडून वाचतो, आणि आबा दोनदा वाचायला लावतात. त्यामुळं आबांना लिहिलेलं पत्र म्हणजे गावात दवंडी. मी इतकी वर्षं पत्रात पाऊस, पोरांचे मार्क आणि माझी तब्येत यांपलीकडं गेलो नव्हतो.

आता मी नसरापूरला राहतो आणि वरव्याजवळच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. प्लॅस्टिकचे भाग भिंगाखाली धरून त्यात केसाएवढा तडा आहे का, ते बघायचं. तडा दिसला की लाल शेरा. कुणाचीही चूक मी लांबून ओळखतो, असा कारखान्यात माझा दरारा आहे.

गेल्या हिवाळ्यात बायकोनं सुट्टीचा बेत ठरवला. ती वेल्ह्याच्या रस्त्यावरच्या विंझरची. समुद्र तिनं लहानपणी सहलीत एकदा पाहिला होता, तोही बसच्या खिडकीतून, कारण सरांना उशीर होत होता. तो राग तिच्या मनात अजून ताजा होता.

"मालवणकडं यॉट असते," तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. "फक्त सहा जणांना नेतात. पोहायचं, स्नॉर्कलिंग करायचं, बोटीवरच जेवायचं."

"होडीत बसायला रजा टाकायची?"

"अहो, होडी नाही ती. यॉट आहे."

"फरक काय?"

"यॉटीत उकिडवं बसायचं नाही," ती म्हणाली. "मी आधीच सांगून ठेवते."

आम्ही गेलो. पोरांना विंझरला आजोळी ठेवलं. निघताना बायकोची नजर चुकवून मी पिशवीत एक नारळ टाकला. नव्या होडीत आणि नव्या पाण्यात नारळ फोडल्याशिवाय जायचं, हे मला जमण्यासारखं नव्हतं.

यॉट पांढरी होती, आमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ. आमच्याबरोबर पुण्याचे एक निवृत्त साहेब आणि त्यांच्या पत्नी, आणि बंगळुरूला नोकरी करणारे दोन तरुण. साहेबांनी सूचनांचा कागद घरूनच छापून आणला होता आणि ते आम्हाला एकेक सूचना वाचून दाखवत होते. बोट चालवणारा पन्नाशीचा होता, त्याला सगळे कप्तान म्हणत. निघताना तो म्हणाला, "घाबरू नका. इतकी वर्षं झाली, या बोटीला मी एक दगड लागू दिलेला नाही." पाण्यात उतरवायला एक मुलगी होती, दंडानं माझ्याहून भक्कम.

सगळे कठड्याला धरून उभे राहिले, केस उडवत फोटो काढू लागले. धक्का सुटून दोन मिनिटं झाली असतील, तर बायको माझ्याकडं बघत होती. मी मधोमध उकिडवा बसलेला होतो. कधी बसलो ते मलाच कळलं नव्हतं.

"पोटात दुखतंय का त्यांच्या?" साहेबांच्या पत्नींनी विचारलं.

"नाही," बायको म्हणाली. "धरणाकडचे आहेत."

खडकांच्या आडोशाला नांगर टाकला. मुलीनं सगळ्यांना डोळ्यांवरचे मास्क दिले आणि सांगितलं, "आता आतून थुंका. काचेला चोळा आणि धुवा. मग वाफ धरत नाही."

ज्या शाळेत दर भिंतीवर 'येथे थुंकू नये' लिहिलेलं होतं, त्या शाळेतून शिकून मी इतक्या लांब आलो होतो ते यासाठी. साहेबांनी कागद उलटसुलट करून बघितला, त्यात ही सूचना नव्हती. मग ते आपल्या पत्नीकडं पाठ करून, अत्यंत सभ्यपणे थुंकले.

पायात बदकासारखे रबरी पंजे चढवून एकेक जण मागच्या शिडीवरून उतरला. कप्तानही मागंच होता, शिडी धरून. मी म्हणालो, माझा मास्क सैल आहे, नीट करून येतो. पंजे काढले, पिशवीतून नारळ काढला आणि बोटीच्या नाकाशी गेलो. पाण्याला हात लावायला खाली वाकलो, पोचलो नाही, तसाच कपाळाला हात लावला. मनात आबांना आणलं आणि नारळ हाणला.

आबा एका घावात फोडतात. मलाही एका घावात जमला, याचा आनंद मला दोन सेकंद झाला. मग खाली बघितलं. पांढऱ्या चकचकीत फायबरला वीतभर तडा गेला होता, पुढं जाऊन त्याला तीन फाटे फुटलेले. भिंगाची गरज नव्हती. तिथं पत्रा नाही, हे मला नारळ हातातून सुटल्यावर आठवलं.

मागं बघितलं. कुणीच बघत नव्हतं. मी तड्यावर टॉवेल पसरला, नारळाची दोन्ही भकलं पिशवीत कोंबली, पंजे चढवले आणि शिडीवरून पाण्यात उतरलो. रोज दुसऱ्यांच्या चुकांवर लाल शेरा मारणाऱ्या माणसाला हे सगळं करायला एक मिनिटही लागलं नाही.

पाण्याखाली सगळं स्वच्छ दिसत होतं. गॅदरिंगला निघाल्यासारखे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे घोळक्यानं जात होते. एक जाडा मासा माझ्या काचेसमोर येऊन थांबला आणि आमच्या मॅनेजरसारखं तोंड उघडझाप करून निघून गेला. खाली वाळू, वाळूवर नांगराचा दोर, खडकाला ओट्यासारख्या सपाट कडा. आठवीत ज्यासाठी मी एक होडी, दोन पावणे आणि एक शेरडू पाण्यात घातलं होतं, ते नजरेसमोर होतं. बायको लांबून हात हलवून काहीतरी दाखवत होती. मी मान डोलवली. मला त्या वाळूतही तीन फाटेच दिसत होते.

वर आलो तेव्हा साहेब आधीच वर पोचले होते. त्यांना अंग पुसायला टॉवेल हवा होता आणि त्यांनी माझाच उचलला होता.

"कप्तान," ते म्हणाले, "हे काय आहे? धक्क्यावरून निघताना मला हादरा बसला होता. मी हिला म्हणालोही होतो."

"तुम्ही काही म्हणाला नव्हतात," त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

कप्तान पुढं आला. गुडघ्यावर बसून त्यानं तड्यावरून बोट फिरवलं. तिथून काहीतरी चिमटीत उचललं आणि खिशात टाकलं. मग त्यानं माझ्या पिशवीकडं बघितलं, आणि माझ्याकडं. मी पुन्हा उकिडवा बसलेलो होतो.

"लागलं असेल कुठेतरी," तो म्हणाला. "माझ्याच हातून लागलं असेल, साहेब."

काठावरची वाडी, पाण्यात उभे पावणे, कॉलरवरून सुटलेला हात, सगळं जसंच्या तसं समोर आलं. कप्तानाला मी सकाळपासूनच ओळखत होतो. त्याला माझे वडील माहीत नव्हते, म्हशी माहीत नव्हत्या.

"लागलं असेल म्हणजे?" साहेब म्हणाले. "आम्ही जीव मुठीत घेऊन बसलोय या बोटीत. हे मालकांना कळवावं लागेल. रीतसर तक्रार करावी लागेल."

मी उठलो. हलत्या बोटीत मधोमध उभा राहिलो, जन्मात पहिल्यांदा.

"तक्रार माझी करा," मी म्हणालो. "मी नारळ फोडला तिथं."

 त्या दोन तरुणांपैकी एकानं हळूच मोबाईल काढला, दुसऱ्यानं तो खाली केला.

"तरी म्हटलं पिशवी एवढी जड का," बायको म्हणाली.

कप्तानानं खिशातून नारळाच्या शेंडीचा पुंजका काढून तळहातावर धरला. "मला हे तिथेच मिळालं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही एक दिवस मजा करायला आलेले," तो म्हणाला. "मी काय, रोजचाच आहे." मग म्हणाला, "आमच्याकडे नारळ समुद्राला देतात. अख्खा. बोटीच्या टाळक्यात घालत नाहीत."

"आमच्याकडं पत्रा असतो," मी म्हणालो. ते कुणालाच कळलं नाही.

"खोबरं कुठे आहे?"

"पिशवीत."

"मग काढा की बाहेर. प्रसाद कोण लपवून ठेवतो?"

मी भकलं काढली. कप्तानानं सुरीनं खोबरं कापून सगळ्यांना वाटलं. साहेबांनी दोनदा घेतलं. तडा वरचाच होता, पाण्याच्या रेषेच्या बराच वर, त्यामुळं जेवण होऊन आम्ही आरामात परतलो. मालकाला फोन मी स्वतः लावला. सगळं सांगितलं. मग त्यानं एवढंच विचारलं, "नारळ नासका तरी नव्हता ना?"

बायको परतीच्या वाटेवर माझ्याशेजारी येऊन बसली. आठवीतली होडी तिला लग्नानंतर पहिल्यांदाच सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आबांना गाव अजून धुलाईवाले म्हणतं," ती म्हणाली. "आपल्या लग्नातपण म्हणत होते. मीपण हसले होते."

त्याच दुपारी लॉजवर बसून मी पत्र लिहिलं. चार वेळा वाचलं, पाकिटात घातलं आणि माझा मला भरवसा नव्हता म्हणून बायकोकडं टाकायला दिलं. ते असं होतं:

"आबा,

आधी चिठ्ठी वाचणाऱ्याला सांगतो. बाबा, मोठ्यानं वाच. एरवी वाचतोस त्याच्याहून मोठ्यानं. दुकानात जे कोण बसले असतील त्यांनी चहा खाली ठेवावा.

मी आठवीत असताना आबांची होडी पावण्यांसकट उलटली. आबांचा हात चुकला नव्हता. वल्हं निसटलं नव्हतं. मी कडेला ओणवा होऊन पाण्यात तोंड घातलं, जुन्या गावाचं ओटं दिसत्यात का म्हणून. शेरडू माज्या मागनं आलं, त्याचा दोष न्हाई. आबांनी हे डोळ्यांनी बघितलं होतं. माजी शाळा सुटू नये म्हणून त्यांनी आळ स्वतावर घेतला. मी तवा गप बसलो. लाँचच्या बैठकीतबी गप बसलो, खांबाला टेकून. ती लाँच आबांची होती.

आबा, आजपातुर मी तुमाला पावसाचंच लिवलं. ह्या टायमाला न्हाई.

हितं समुद्रात मी एका बोटीचं नाक नारळानं फोडलं. बोटवाल्या मानसानं तुमच्यासारखंच केलं, म्हनला माज्याच हातून लागलं. म्या या खेपेला सांगून टाकलं. मग समद्यांनी खोबरं खाल्लं. तुमी पत्रा का ठोकला ते मला आज कळलं. पाण्याखालचं बी बघितलं. मासं चांगलं होतं. ओटं न्हवतं.

वडील तितंच कोपऱ्यात बसलं असतील. त्यांना सांगा, तक्रार आली, अट मान्य हाय. शनवारी येतो, म्हशी मी राखतो. आता दोनच हायत, तेवढं बरं हाय.

येताना नारळ आनतो. होडी काठाला उपडी पडली असंल तरी तिला सुलटी करू आन पत्र्यावर तुमीच फोडा. मी मधी बसतो.

आन वाचणाऱ्या, आबा सांगायच्या आधीच दुसऱ्यांदा वाच. लाँचचं हळू वाच."